अबोलीची जीप रस्त्यावर आली

मुलुंडच्या अबोली परबला सुईची भीती नाही, उंचीची नाही, कुत्र्यांचीही नाही. रोज सकाळी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायचं आणि लॅबमध्ये पोचवायचं, हे तिचं काम. वय तेवीस, लायसन्स आठ महिन्यांचं. अशा पोरीच्या नावावर कुडाळच्या श्यामकांतमामाने आपली डोंगर चढणारी जुनी जीप करून दिली. "माझे गुडघे गेले गो. आता हिका तूच हाक."

ट्रकवरून सोसायटीत उतरलेली जीप मात्र ताडपत्रीखालीच राहिली. विमा दीड वर्षापूर्वीच संपलेला. दोन कंपन्यांनी आधी हिचं वय ऐकलं, मग जिपेचं, आणि "कळवतो" म्हणून गप्प झाल्या. तिसरी म्हणाली, आधी आमचा माणूस गाडी बघेल.

शनिवारी दुपारी मार्तंड गुरव आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

"चॅसी नंबर दाखवा. मग इंजिन चालू करा."

नंबरावर कुडाळची लाल माती दगडासारखी बसली होती. अबोली सरळ जमिनीवर आडवी झाली, चाकामागे डोकं घातलं आणि टूथब्रशने घासायला लागली. एकेक आकडा उघडा पडला की ती खालून ओरडायची, आणि तिची आई, सुनंदाताई, आरसीवर बोट ठेवून "बरोब्बर!" म्हणायची. वरच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. शेवटचा आकडा जुळला तेव्हा टाळ्याच पडल्या.

इंजिन मात्र ढिम्म. बॅटरी पार उतरलेली.

"धक्का मारू या ना!" दुसऱ्या मजल्यावरच्या सपनावहिनी पदर खोचून खालीच आल्या. वॉचमन दशरथ, सुनंदाताई, लिफ्टवाला, सगळे लागले. कंपाउंडची एक फेरी झाली. काही नाही. दुसऱ्या फेरीला मार्तंडसाहेबांनी मोबाइल खिशात टाकला आणि बाह्या वर केल्या.

"हे रिपोर्टमध्ये येणार नाही," म्हणाले, आणि खांदा लावला.

अबोलीने क्लच सोडला. फाट्! काळा धूर सगळ्यांच्या अंगावर, आणि मग अशी घरघर सुरू झाली की बोलणं ऐकू येईना. स्टिअरिंगवर डोकं टेकून अबोली इतकी हसली, इतकी हसली, की तिला उचकी लागली. मार्तंडसाहेबांच्या शर्टावर काळे ठिपके उठले होते. त्यांनी सगळ्या बाजूंनी गाडीचे फोटो काढले आणि पहिल्यांदाच हसले. "झकास आहे हो गाडी."

सोमवारी पॉलिसी मोबाइलवर आली. अबोलीने चारदा वाचली, मग आईला वाचून दाखवली. नवी बॅटरी बसवून मायलेकी निघाल्या, आधी पंपावर पीयूसी काढली, मग ऐरोलीच्या पुलाकडे. निघाल्यापासून सुनंदाताईंनी समोरचा दांडा घट्ट धरला होता. "हळू गं! अगं, रिक्षा!"

पुलावर खाडीचा वारा आत घुसला, दोघींचे केस उडाले. सुनंदाताईंनी दांडा सोडला.

"अबोली, लायसन्सला वयाची अट असते का गं?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी, दुसरं कोणासाठी!"

अबोलीने एवढ्या जोरात हॉर्न दाबला की बाजूचा टेंपोवाला दचकून बघायला लागला.