नऊ दारांचं देऊळ आणि बाहेरचा गणपती

आमचे अण्णा जुन्नरातले मांडववाले. नव्वदच्या दशकात ते हरिद्वारच्या यात्रेला गेले आणि वाटेत दिल्लीतलं बहाई धर्माच्या लोकांचं कमळाचं देऊळ बघून आले. गंगाजळाची बाटली गाडीतच विसरले, देऊळ मात्र डोक्यात घेऊन आले. आईनं कपाळावर हात मारला.

"नऊ बाजू, नऊ दारं, समदी सारखी," अण्णा सांगत सुटायचे. "कोन्या बी धर्माचा मानूस कुठूनबी आत येतो. आत मूर्ती न्हाई, पुजारी न्हाई. नुसतं गप बसायचं."

"मग एवढा खटाटोप कशापायी?" आई विचारायची.

आदल्या वर्षी अण्णांचा मांडव भर लग्नात पडला होता, नवरदेवाच्या डोक्यावर. तेव्हापासून कामं यायची थांबली होती. अशात पेठेतल्या मंडळानं गणपतीच्या देखाव्याचं काम दिलं; तेही फसलं तर बांबू विकून दुसऱ्याच्या वावरात टोमॅटो तोडायला जायचं, असं घरात ठरलंच होतं. अण्णांनी जीव ओतला. बांबू वाकवून, पांढरं कापड ताणून, पाकळीला पाकळी बांधून कमळ उभं केलं. बघून माझा ऊर भरून आला.

मग ट्रॅक्टरवरून गणपती आला, आणि दारातून आत जाईना! "समदी दारं सारखीच हायेत!" मी बोंबलून सांगत होते. पण ऐकतंय कोण? मंडळानं नऊच्या नऊ दारांशी मूर्ती नेऊन बघितली, प्रत्येक दाराशी नव्यानं मोरया करून.

अध्यक्ष भडकले. "एक पाकळी कापा!"

"एक कापली की समदं खाली येतंय, राव," अण्णा हात जोडून म्हणाले. मला रडूच फुटलं.

शेवटी गणपती समोरच्या गिरणीच्या ओट्यावर बसला. लोक त्याच्या पाया पडायचे आणि कमळाकडे वळायचे.

"आत काय हाय?"

"काय न्हाई."

"मग बघू की!"

रांग पार स्टँडकडे गेली. भांडत आलेली माणसं आत गप बसायची. घाटघरची एक म्हातारी तर उठेचना. "बाहेर लई गलका हाय, बाई," म्हणाली.

विसर्जन झाल्यावर शेजारचं मंडळ आमच्या घरी हजर. "भाऊ, पुढल्या साली आमाला बी असंच पायजे."

"करू की. तवा एक दार मोठं ठेवतो."

"छ्या! दारं बारकीच ठेवा. आमी ओटा बांधतो."

अण्णा बरं म्हणाले, आत आले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. मग आईला म्हणाले, "बांबू न्हाई विकायचं."