इब्राहिमचाचांचं विमानाचं पाकीट

इब्राहिमचाचा आधी पाकिटात फुंकर मारत, मग एक डोळा मिटून आत पाहत. दर शुक्रवारी. आत काही नाही हे त्यांना पाठ होतं, तरी पाहत.

एकोणीसशे साठनंतरच्या काही वर्षांत मी दुबईत एका जहाज कंपनीत हिशेब लिहीत असे. चाचा रत्नागिरीकडचे. खाडीत अब्रा, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, वल्हवत. त्यांचा एकुलता मुलगा याकूब बोटीवर खलाशी होता. न्यूयॉर्कला उतरला तो परतलाच नाही. महायुद्धाच्या तोंडावर गावी त्याचं हे एकच पाकीट आलं. त्याच्या अक्षरात बापाचं नाव, तीस सेंटचं निळं तिकीट, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा शिक्का. झाकण उघडं, आत कागद नाही.

"मासळी मागवली, काटे पोचवले!" चाचा पोस्टावर चिडत. "भाऊ, एवढा दर्या विमानानं ओलांडला, आणि कागद कोणी चोरला?" गावाहून चाची अजून विचारत, पत्र सापडलं का. मी मुंबईला, लंडनला अर्ज लिहीत असे. उत्तर येत नसे.

पाकीट कुठल्या विमानानं आलं ते कळलं तर नेमक्या कचेरीला लिहिता येईल, म्हणून मी त्यांना आमच्या इंग्रज मॅनेजरकडे नेलं. साहेबांना अशी पाकिटं जमवायचा नाद होता. पाहताच साहेब उभे राहिले. "अटलांटिकवरच्या पहिल्या विमानटपालातलं आहे हे! विकणार का विचार." मी कागदाचं विचारलं, तर हसले. "कागद नसतोच. शिक्क्यासाठी लोक रिकामी पाकिटं धाडायचे. आठवण म्हणून."

मी ते चाचांना मराठीत सांगितलं. साहेबांनी आपला अल्बम पुढे केला. चाचांनी एकेक पाकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"ह्यातही कुणी काही लिहिलं नाही?"

"नाही, चाचा."

"खलास," म्हणाले, आणि आपलं पाकीट खिशात घातलं.

अब्र्यातून परतताना मी म्हणालो, "पहिल्या विमानानं बापाला पाकीट धाडावंसं वाटलं त्याला. हेही थोडं नाही."

"तू हिशेबी माणूस. गोड बोलू नको, जमत नाही तुला." त्यांनी वल्हं थांबवलं. "चोरी झाली होती तोवर माझ्या पोरानं काहीतरी लिहिलं होतं, भाऊ. आता त्यानं लिहिलंच नाही."

होडी ओहोटीबरोबर वाहत चालली. मी विचारलं, "चाचीला मी कळवू?"

"नको," ते म्हणाले. "तिचा चोर तिच्याकडे राहू दे."