अण्णांच्या बारसमोरचा माझा गाळा

अण्णांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. शाहूपुरीत चहाला थांबलं तरी दोन-चार अंगावर येतात. परदेशात तंटे मिटवण्याचं शिक्षण घेताना वाटायचं, कोल्हापुरात परतून पप्पांच्या गाळ्यात मोफत तंटा-निवारण केंद्र काढलं की दारात रांग लागेल. रांग लागली. समोर, अण्णांच्या बारला!

अण्णांचे तीन बार, दोन मटण खानावळी. त्यांच्या टोळीचा काळा पैसा तिथे पांढरा होतो, हे सगळ्यांना ठाऊक. तरी भांडण मिटवायला गाव त्यांच्याकडेच. पप्पा म्हणाले, "महिनाअखेर एक तरी केस दाखव, न्हायतर गाळा भाड्यानं देतो."

*

एक जोडपं आलं. दोघांची तोंडं दोन दिशांना. मी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. नवरा म्हणाला, "ताई, अण्णांच्या फॅमिली सेक्शनला कुठनं जायचं?"

*

अण्णांची पद्धत एकच. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि नुसता पांढरा रस्सा वाढायचा. "मटण, मिटल्यावर!" टेम्पोचे दोन पार्टनर तिसऱ्या वाटीला एकमेकांच्या गळ्यात पडले. हा विषय आम्हाला कुणी शिकवलाच नव्हता!

*

एकदा हवालदार युनिफॉर्मवरच आत शिरला. धाड! मी आनंदाने खिडकीत उभी. त्याचं मेव्हण्याशी वाजलं होतं. दोघंही ढेकर देत बाहेर आले.

*

मंगळवार पेठेतल्या एका टेलरने अण्णांचा निवाडा धुडकावला. आठवड्यात त्याचं दुकान जळालं. वाटलं, आता तरी लोक पेटून उठतील. शेजारीण म्हणाली, "अण्णांचं ऐकायचं असतंय की!"

संताप आला. आणि खरं सांगते, हेवाही वाटला. माझा शब्द मोडायलासुद्धा कुणी येत नव्हतं.

*

महिना संपता संपता हातकणंगल्याकडचे दोन भाऊ आले. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून वर्षभर अबोला. मी पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. "व्हय, म्याडम." मोटारीचा खर्च निम्मा-निम्मा. "व्हय की!" अर्ध्या तासात सह्या!

मी तिथूनच पप्पांना फोन लावला. "बघा, कुणाला न घाबरवताही मिटतं!"

दारात थोरला घुटमळला. "म्याडम, तेवढं अण्णांना सांगा. आम्ही कशालाच न्हाय म्हटलं न्हाय."

"अण्णांना?"

"त्यांनीच धाडलंय. म्हणाले, पोरगी काय बी सांगू दे, व्हय म्हणायचं."

समोर बारच्या पायरीवर अण्णा उभे होते. त्यांनी हसून हात हलवला.

सकाळी मी करार फाडला. पप्पांना सांगितलं, अजून एकही केस नाही. मग थोरल्याला फोन लावला. "दोघं परत या. आणि आज माझ्यासमोर मनसोक्त भांडा."