बिनआवाजाचा हिटर

गेल्या वर्षी जानेवारीत लीलाताईंनी नवऱ्याला शब्द दिला. कशाचा, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

लक्ष्मीकांत तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. फुप्फुसांनी दगा दिला होता. बडोद्याची थंडी ती केवढी! संक्रांतीच्या आसपास उत्तरेचा वारा सुटतो, लोक कपाटातले स्वेटर काढतात, आणि ते नीट उबदार होईस्तोवर थंडी संपलेली असते. पण लक्ष्मीकांतांच्या हाडांत शिरलेली हुडहुडी काही केल्या जाईना. म्हणून सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे लहानशा दुमजली घरात, खालच्या खोलीत, पलंगापाशी पंख्याचा हिटर दिवसभर घरघरत असायचा.

त्या दिवशी तिन्हीसांजेला लीलाताई पाठमोऱ्या उभ्या राहून पिशवीत गरम पाणी भरत होत्या. हिटर पूर्ण वेगानं चालू होता. वळून पाहिलं तर लक्ष्मीकांतांचे ओठ हलत होते. आवाज आधीच घशातल्या घशात राहिलेला, त्यात ती घरघर. एक अक्षर कानावर आलं नाही. पिशवीचं झाकण नीट बसत नव्हतं, हात भाजत होता. आजारी माणसाला म्हणतात तसं त्या म्हणाल्या, "हो, हो."

लक्ष्मीकांतांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला, किंचित हसू आलं, आणि त्यांनी डोळे मिटले. पहाटे अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. त्यानंतर तोंडात नळीच होती, ती निघाली ती सगळं संपल्यावर.

दिवसकार्य उरकलं. माणसं पांगली. मग एका संध्याकाळी दिवा लावताना लीलाताईंच्या मनात आलं, आपण कशाला हो म्हटलं?

एकदा आलेला हा प्रश्न घरातून गेला नाही. जाणाऱ्या माणसाला दिलेला शब्द. तो पाळायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण पाळायचं काय? धाकटा दीर दामोदर याच्याशी लक्ष्मीकांतांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. लीलाताई स्वतः रिक्षा करून त्याच्याकडे गेल्या, चहा घेतला, दोघंही रडली. अस्थींतल्या थोड्या मागे ठेवल्या होत्या, त्या चांदोदला नर्मदेत सोडून आल्या. लक्ष्मीकांतांची स्कूटर एका गरजू मास्तरांना देऊन टाकली. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओठ पुन्हा हलायचे.

पुढे पुढे विजेवर घरघरणाऱ्या कुठल्याही यंत्राचा आवाज त्यांना सोसेना. मिक्सर लावला की त्या घरघरीच्या तळाशी कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. चटणी अर्धी वाटलेली असताना त्या बटण बंद करायच्या आणि म्हणायच्या, "काय?" शेजारच्यांनी पाण्याचा पंप लावला तरी तेच. फ्रिज सुरू झाला तरी तेच. आवाज थांबला की बोलणंही थांबायचं. ते दर वेळी अगदी थोडक्यात हुकायचं. पंख्याचा तो हिटर त्यांनी पावसाळ्यातच भंगारवाल्याला देऊन टाकला.

हे सगळं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगी ऋचा वासण्याला राहते, बँकेत आहे. तिला एवढंच दिसायचं की आईला हल्ली कुठल्याच गोष्टीला पटकन हो म्हणता येत नाही. "उद्या जेवायला येशील?" एवढं विचारलं तरी आई म्हणे, "काय म्हणालीस? पुन्हा सांग."

त्याच वर्षी डिसेंबरात कांचनवन्सं, म्हणजे लक्ष्मीकांतांची थोरली बहीण, बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात दुसरं माणूस नाही. लीलाताईंची खालची खोली मोकळीच होती. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीत सांधे आखडू देऊ नका, खोली उबदार ठेवा. म्हणून एका शनिवारी दुपारी मायलेकी सयाजीगंजातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या.

"बेन, वडोदरामां हीटर कोण ले छे?" इथे हिटर घेतंच कोण, म्हणून दुकानदार हसला. तरी त्यानं आतून तीन-चार काढून आणले आणि ऋचाला गुजरातीत सगळं समजावून सांगितलं. लाल कांडीचा स्वस्त, हलका, आवाज अजिबात नाही. पण पुढच्या जाळीला पदर लागला तर पेटलाच समजा. पंख्याचा लगेच खोली तापवतो. आणि तिसरा तेलाचा: पुस्तकं उभी लावावीत तशी लोखंडी पानं, आत तेल, खाली चाकं. तापायला वेळ घेतो, पण आडवा पडला तर आपोआप बंद होतो, आणि ठरलेली ऊब झाली की स्वतःच थांबतो.

"आत्यासाठी हाच बरा," ऋचा म्हणाली. "ती वॉकर घेऊन चालणार, धक्का लागायचाच. हा घेऊन टाकू."

"आधी लावून दाखवू दे," लीलाताई म्हणाल्या. "आणि तू तिथं खुर्चीवर बस."

"मी कशाला?"

"बस ना. आणि काहीतरी बोल. हळू. अगदी हळू, दम नसल्यासारखं."

ऋचानं दुकानदाराकडे पाहिलं. तो पाहतच होता. "आई, काय बोलू?"

"काहीही. मला सांगू नकोस, नुसतं बोल."

आधी पंख्याचा लावला. ऋचा काहीतरी पुटपुटली. लीलाताई पाच हातांवर पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "बंद करा. बंद करा तो," त्या म्हणाल्या. दुकानदारानं घाईनं बटण दाबलं. मग तेलाचा लावला. नुसता बटणाचा बारीकसा आवाज झाला, आणि पुढे काही नाही.

"बोल," लीलाताई म्हणाल्या.

ऋचा ओठांतल्या ओठांत म्हणाली, "आई, तुला काय झालंय?"

"ऐकू आलं," लीलाताई म्हणाल्या. "हाच द्या."

घरी आल्यावर तो जाड पिनांचा प्लग साध्या बोर्डात बसेना. ऋचानं एक्स्टेन्शन लावू दिलं नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून पलंगाच्या पायथ्याशी वेगळा पॉइंट काढून घेतला. गोधड्या हिटरपासून लांब राहतील असा पलंग सरकवला. कांचनवन्सं आल्या, टेकल्या, आणि ऊब लागताच म्हणाल्या, "हाश!" बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाचा तो गुजराती सुस्कारा.

लीलाताईंना वाटलं होतं, शांतता आली की सुटका होईल. झालं उलटंच. खोली इतकी निःशब्द झाली की तापताना लोखंडाची पानं टिक्‌ करायची तेवढंच ऐकू यायचं. एक टिक्‌, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. पूर्वी निदान आवाजाच्या आड कुणीतरी बोलत होतं. आता कुणी बोलतच नव्हतं. कुणीतरी बोलायच्या आधी थांबावं, तशी ती खोली थांबून राहायची.

आठवड्याभरानंतरची गोष्ट. दिवेलागण झाली होती. वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या. लीलाताई खिडकी लावत होत्या, पाठमोऱ्या. आणि मागून आवाज आला, जाडसर, घशातल्या घशात. "लीला," आणि पुढे दोन शब्द.

हुबेहूब लक्ष्मीकांतांचा आवाज. त्या वळल्या. उशीवर तोच रुंद कपाळाचा चेहरा, आणि ओठ हलून थांबलेले. खिडकीची कडी हातात तशीच राहिली.

"काय म्हणालात?" कसंबसं त्यांच्या तोंडून निघालं. "पुन्हा सांगा. काय म्हणालात?"

कांचनवन्संनी डोळे उघडले. "अगं, बस जरा, म्हटलं. सकाळपासून पायाला उसंत नाही तुझ्या. एवढं घाबरायला काय झालं?"

लीलाताई पलंगाच्या कडेला बसल्या आणि रडू लागल्या. मग सगळं सांगितलं: पाण्याची पिशवी, हिटर, हलणारे ओठ, तो होकार, दामोदर, चांदोद, मिक्सर.

"तेही असंच काहीतरी म्हणाले असतील का हो?" शेवटी लीलाताईंनी विचारलं. "बस जरा, किंवा पाणी दे, असं?"

"असेल. नसेलही," वन्सं म्हणाल्या. "गेलेल्याच्या तोंडी मी कशाला शब्द घालू? तुला बरं वाटावं म्हणून सांगेन, आणि तुला ते खोटं वाटेल." मग त्यांनी विचारलं, "तू हो म्हणालीस, ते त्यानं ऐकलं?"

"ऐकलं. हसले थोडे."

"मग तो समाधानानं गेला. उरलं ते तुझं." त्यांनी लीलाताईंच्या मनगटावर हात ठेवला. "आणि खरं सांगू? उभ्या जन्मात तू त्याला वाद न घालता हो म्हणालेली ती पहिलीच वेळ असेल. काय मागितलं ते विसरूनसुद्धा गेला असेल तो."

लीलाताईंना रडता रडता हसू फुटलं. त्या संध्याकाळी दिवा लावायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत ऊन तापू लागलं, हिटरची गरज संपली. वन्सं काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागल्या, पण तिसऱ्या मजल्यावर परत जायचं नाव त्यांनी काढलं नाही आणि लीलाताईंनी काढू दिलं नाही. आता दोघी टीव्हीच्या आवाजावरून भांडतात. लीलाताई मिक्सर लावतात, आणि बहुतेक वेळा चटणी पुरती वाटून होते.

संध्याकाळी मात्र कधी खोलीतून कुणी पुटपुटल्यासारखं वाटतं. लीलाताई आता हातातलं काम खाली ठेवून आत जातात. कधीकधी वन्सं गाढ झोपलेल्या असतात, ओठ घट्ट मिटलेले. तरीही लीलाताई उशीजवळ वाकतात आणि थोडा वेळ कान देऊन राहतात.