पाझर बघणारी बाई

ती घटना आठवली की आजही आधी मला माझीच लाज वाटते, आणि मग त्या बाईंचा चेहरा आठवून बरे वाटते.

निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. धुळे जिल्ह्यात, सोनगीरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत दगडाची एक मोठी खाण होती. दगड भरडून आणि धुऊन तिथे बांधकामाची वाळू करत. धुण्याचे गढूळ पाणी मातीच्या उंच बंधाऱ्यामागे साठवत, म्हणजे गाळ तळाशी बसे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला चाळीसेक घरांची वस्ती होती.

एका सकाळी खाणीचे सुपरवायझर लेखी तक्रार घेऊन आले. बंधाऱ्याच्या पायथ्याशी रोज कोणीतरी उकरते, दगड हलवते, घातपाताचा संशय आहे. घातपात हा शब्द ऐकला की ठाण्यातला चहा कपातच राहतो. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि खबऱ्याला कामाला लावले. हा हायवेवरचा पंक्चरवाला. चाकापेक्षा त्याचे लक्ष रस्त्यावर जास्त. तिसऱ्या दिवशी त्याने कळवले की दिवस उगवताना एक म्हातारी खुरपे आणि पिशवी घेऊन तिकडे जाते.

आम्ही साध्या वेशात जाऊन बसलो. ती खरोखर आली. पाझराचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बसली, खुरप्याने गवत काढले, दोन दगड सरकवले, काचेची बाटली भरली आणि ती उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत राहिली. हवालदाराने हटकले तेव्हा दचकलीसुद्धा नाही.

“उनात का?” म्हणाली, म्हणजे ‘आलात का?’ जणू आमचीच वाट बघत होती.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात आणायचे नाही, तिच्या घरीच विचारपूस करायची, असा कायदा आहे. म्हणून महिला पोलीस बोलावून घेतली आणि वस्तीतल्या तिच्या घरी गेलो. तेव्हा मला हा नियम कटकटीचा वाटला होता. पण ठाण्यात नेले असते तर तिचे फडताळ मला दिसलेच नसते. त्यात बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. डावीकडच्या नितळ. उजवीकडे सरकावे तसे पाणी मळत गेलेले, आणि शेवटच्या तीन बाटल्यांतून पलीकडची भिंतही दिसेना.

अक्का, हे कोणाच्या सांगण्यावरून चालले आहे, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. तिने शांतपणे सांगितले. तिचे मालक त्या बंधाऱ्यावर राखणदार होते. बंधाऱ्याचा नकाशा करणाऱ्या इंजिनिअरने त्यांना एक काम नीट शिकवले होते. पाझर राहणारच, त्याला भ्यायचे नाही, पण रोज सकाळी ते पाणी काचेत धरून बघायचे. नितळ असेल तर बंधारा ठीक. गढूळ आले तर आतली माती वाहते आहे, लगेच कळवायचे. मालक चैत्रात गेले. ते काम दुसरे कोणी करेना, म्हणून ती करू लागली. आठ दिवसांपूर्वी पाणी गढुळले. ती दोनदा खाणीच्या ऑफिसात गेली आणि दोन्ही वेळा तिला गेटवरूनच परत पाठवले.

“बठ्ठी वस्ती खाले शे, भाऊ,” ती म्हणाली. सगळी वस्ती बंधाऱ्याखालीच होती. “सांगू ते कोनले सांगू?”

खरे सांगतो, तरीही माझा पुरता विश्वास बसला नव्हता. बाटलीत माती कोणीही कालवील. मी खाणीच्या ऑफिसात जाऊन पाझराची नोंदवही मागितली. सुपरवायझरांनी ती मोठ्या दिमाखात पुढे केली. रोज ‘पाणी स्वच्छ’, आणि समोर राखणदाराची सही. अगदी कालचीही. पण वहीला ना चिखलाचे बोट लागलेले, ना कुठे खाडाखोड, आणि पानभर एकच शाई, एकच ओघ. अशी वही मी लांबून ओळखतो, कारण तरुणपणी गस्तीच्या वह्या मीही टपरीवर बसून अशाच भरल्या आहेत. मी म्हणालो, सही करणाऱ्याला बोलवा. सुपरवायझर चुळबुळ करू लागले. मी सहीचे नाव वाचले. ते त्या बाईच्या मालकांचे होते. चैत्रात वारलेला माणूस कालपर्यंत कामावर होता.

मग मी वेळ घालवला नाही. तहसीलदारांना आणि खाण सुरक्षेच्या अधिकाऱ्यांना फोन केले. दुपारपर्यंत वस्ती शाळेत हलवली. नकाशा करणारे ते इंजिनिअर निवृत्त होऊन अमळनेरला राहत होते, त्यांना गाडी पाठवून आणले. त्यांनी बाटलीच्या तळाचा गाळ बोटांवर चोळला आणि म्हणाले, “हा दगडाचा भुगा नाही. ही बंधाऱ्याच्या पोटातली माती आहे.” पंप लावून आतले पाणी उतरवले. पाझराच्या तोंडावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर दिले, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. पाचव्या दिवशी पाणी नितळ आले. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी उगाच मोबाइल काढून बघत बसलो.

तक्रारदारच आरोपी झाले. ते काही राक्षस नव्हते. पायथ्यापर्यंत उतरायचा कंटाळा, एवढेच, पण तो कंटाळा रोजचा होता. आणि मी? मी तर पाझर बघणाऱ्या बाईला पकडायला गेलो होतो. तेव्हापासून कोणी अवेळी, आडजागी काही करताना दिसले की मी आधी शेजारी बसून विचारतो, काय बघताय? नोकरीच्या सुरुवातीला हे कळले असते तर बरे झाले असते.

शेवटी तिचा जबाब घ्यायला पुन्हा तिच्या घरी गेलो. त्या वहीत मालकांचे नाव अजून आहे का, असे तिने विचारले. मी हो म्हणालो.

“ते काढी टाका, भाऊ. त्यास्ले आते आराम करू द्या.”

वही जप्त मुद्देमालात होती. पुराव्यातल्या वहीला पेन लावता येत नाही, हे सांगताना मला जड गेले. मग जबाबातच मी लिहिले, ‘माझे पती चैत्र महिन्यात वारले. त्यानंतर ते कामावर नव्हते.’ आणि तिला वाचून दाखवले. तिने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी पुन्हा वाचली. तेव्हा कुठे ती रडली.