कागदावर नसलेली लेक

आमच्या चिनी ऑपेरात सेनापतीच्या पाठीवर चार झेंडे असतात. त्यांची दोरी छातीवरून इतकी घट्ट आवळावी लागते की कोलांटी मारली तरी झेंडा कलता कामा नये. फुंग लाय-क्वान एकोणिसाव्या वर्षी आमच्या मंडळीत कपडेवाली म्हणून आली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पोटाला गुडघा लावून दोरी ओढली आणि म्हणाली, "सिफू, श्वास सोडा. तुम्ही छाती फुगवली की माझी गाठ सैल पडते."

सिफू म्हणजे गुरू. मी बाई, पण जन्मभर पुरुषपार्ट केले. छाती फुगवायची सवयच होती. त्या दिवसापासून तिच्याशिवाय मला कुणी झेंडे बांधले नाहीत.

देवळांच्या जत्रेत बांबूच्या मांडवात आमचे खेळ व्हायचे. हळूहळू प्रेक्षक म्हातारे झाले, मग कमी झाले, आणि मंडळी मोडली. मी सरकारी वसाहतीतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या खोलीत आले. लाय-क्वानने शाम शुई पो वस्तीतल्या एका जिन्याखाली कपाटाएवढं दुकान धरलं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. शिलाई मशीन आत, ती अर्धी बाहेर. लग्न झालं नाही. मंडळीत असताना एक बासरीवाला होता, पण तो दुसऱ्याच गावी वाजवायला गेला. ती शहराच्या टोकाला तुन मुनला आईवडिलांच्या घरी राहायची आणि कमाईतला अर्धा वाटा दर महिन्याला आईच्या हातात ठेवायची. आमच्याकडे सगळीच मुलं ठेवतात. त्यात उपकार नाही आणि हिशेबही नाही.

तिच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एका रविवारी जेवताना आईने तिच्या वाडग्यात माशाच्या गालाचा तुकडा घातला. तो तुकडा नेहमी भावाचा. भाऊ दोन वर्षांपूर्वी बायकोमुलांसह मँचेस्टरला गेला होता.

"काय झालं?" लाय-क्वानने विचारलं.

"खा आधी," आई म्हणाली.

वडील भाताकडे बघत म्हणाले, "घर विकलंय. दीड महिन्यात किल्ल्या द्यायच्या. तुझ्या भावाला पोरं सांभाळायला माणूस नाही."

"आणि मी?"

"तू तर कमावती आहेस."

तिला बरोबर नेणं त्यांच्या हातात नव्हतं. सत्त्याण्णवला आमच्या शहरावरचं इंग्रजांचं राज्य संपलं; त्याआधी ज्यांनी ब्रिटिश पासपोर्टासाठी नाव नोंदवलं होतं, त्यांनाच आता तिकडे जायचा रस्ता होता. तिच्या वडिलांनी, फुंगबाबांनी, तेव्हा स्वतःचं, बायकोचं आणि मुलाचं नाव घातलं. मुलीचं घातलं नाही. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "ही लग्न करून जाईल. नवऱ्याचा पासपोर्ट तो हिचा पासपोर्ट." वाईट माणूस नाही. रांगेत उभं राहायचा कंटाळा केला, एवढंच. पण एवढंच पुरलं.

पुढचे सहा आठवडे ती खोली शोधत फिरली. रोज दुकान बंद केलं की माझ्याकडे येऊन हकीगत सांगायची. दलालाने एक अख्खं घर दाखवलं, त्याचं भाडं तिच्या कमाईपेक्षा जास्त. चार मुलींनी मिळून घेतलेल्या घरात एक पलंग रिकामा होता, पण त्यांना तिशीच्या आतली हवी होती. "ताई, तुम्ही आमच्या आईसारख्या वाटता, संकोच होईल," असं त्या म्हणाल्या. मावसबहिणीने आठवडाभर सोफा दिला असता, पण तिच्या नवऱ्याने तोंड वाकडं केलं. सरकारी घरासाठी अर्ज केला, तर खिडकीवरच्या बाईने सांगितलं की एकट्या माणसाला वयाचे गुण मिळतात.

"मग बरंच आहे की! तू काय लहान आहेस?" मी म्हटलं.

"सिफू, त्या म्हणाल्या, साठीला टेकलात की रांग पटकन सरकते. म्हणजे सतरा वर्षांनी. तोवर पदपथावर म्हातारी होऊ का?"

किल्ल्या द्यायच्या दिवशी ती आईवडिलांना विमानतळावर पोहोचवून आली आणि दोन बॅगा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी दार सताड उघडलं. माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि देव. तिने टेबल भिंतीला उभं केलं आणि खाली गादी पसरली.

वसाहतीचा नियम मला ठाऊक होता. भाडेपत्रावर नाव नसेल त्याने राहायचं नाही. मात्र म्हाताऱ्या भाडेकरूला आपल्या लेकीचं नाव चढवता येतं, हेही मी ऐकलं होतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेक नाही ना? मग करू या!

आमच्याकडे मानलेली लेक करायची रीत आहे. मी बाजारातून नवं वाडगं, जेवायच्या काड्या आणि चमचा आणून लाल दोऱ्याने एकत्र बांधले. भाजलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा आणला. शेजारच्या सीतोबाईंना साक्षीला बोलावलं. लाय-क्वानने गुडघे टेकून मला चहा दिला.

"आता तरी सिफू म्हणू नकोस," सीतोबाई म्हणाल्या. "आई म्हण."

तिने म्हटलं. एकदाच म्हटलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. सीतोबाई मांस चावत म्हणाल्या, "अगं, लग्नातसुद्धा नवरी इतकी रडत नाही. पुस डोळे, फोटो काढायचाय."

तो फोटो, ते वाडगं आणि लाय-क्वान, अशी सगळी वरात घेऊन मी वसाहतीच्या कार्यालयात गेले. ती वाटभर म्हणत होती, "नको जाऊ या. चाललंय तसं चालू दे." मी ऐकलं नाही. मला वाटलं, खरं बोलणाऱ्या माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही. मी ज्या नाटकांत वाढले, त्यांत न्यायाधीश शेवटी खऱ्याच्याच बाजूने निकाल द्यायचा.

खिडकीवरचा मोक नावाचा तरुण अतिशय सभ्य होता. त्याने वाडगं हातात घेऊन पाहिलं.

"सुंदर आहे, आजी. पण जन्मदाखला लागतो. पोटची मुलगी, नाहीतर कायद्याने दत्तक."

"मग कायद्याने घेते दत्तक. कुठे सही करू?"

"दत्तक अठरा वर्षांच्या आतलं मूल घेतात."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. "म्हातारीने नातीच्या वयाची लेक शोधायला हवी होती!"

"तुझ्या आईला विचार, ती तुला दत्तक देते का!" मी वळून सुनावलं.

मोकने मान खाली घालून विचारलं, "त्या सध्या कुठे राहतात?"

आणि मी छाती फुगवली. "माझ्याकडे! नऊ दिवस झाले. पोरगी माझं अंथरूणसुद्धा घालते."

लाय-क्वानने माझा दंड धरला, पण शब्द बाहेर पडला होता. मोक कागदावर झुकलेला होता, त्याचा पेन थांबला. त्याने ते ऐकलं नसतं तर बरं, असं त्यालाही वाटत असावं.

"आजी, आता हे मला लिहावं लागेल. आठवड्यात पाहणीला माणूस येईल. त्या तिथे दिसल्या, तर तुमचंच घर जायची वेळ येईल."

बाहेर पायऱ्यांवर मी तिच्या पाया पडायची बाकी होते. "मी मोकला सांगते, चुकून बोलले. वेड लागलंय म्हणते."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही एकोणऐंशी वर्षांच्या. तुमचं घर गेलं तर आपण दोघी कुठे जाणार?"

दोन दिवसांत तिने शाम शुई पोलाच एका जुन्या इमारतीत खोली घेतली. एका घराच्या फळ्या लावून सात खोल्या केलेल्या, त्यातली एक. सातवा मजला, लिफ्ट नाही. मी तीनदा बसत वर गेले. पलंगावर बसलं की गुडघे भिंतीला लागतात. संडासाच्या डोक्यावर नळ, त्याच नळाखाली तांदूळ धुवायचे. खिडकी नाही. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, "पाहुणे नकोत. मशीन चालवायचं नाही."

"तुझ्या आईवडिलांनी ते घर विकून पैसे घेतले ना?" मी खाली उतरताना विचारलं. "मग माग त्यांच्याकडे! भांड!"

"तिकडचं घर घेतलं त्यातून. दादाच्या नावावर." मग ती म्हणाली, "आईने फोनवर विचारलं, खोलीत ऊन येतं का. मला खोटं सुचलं नाही. मी फोन ठेवला."

माझ्याकडून जायच्या दिवशी तिने खोली धुऊन काढली. टेबल पुन्हा जागेवर ठेवलं. कंगव्यातला एक लांब केस बोटाने काढून खिशात टाकला. वाडगंही घेऊन गेली.

शुक्रवारी पाहणीचा माणूस आला. त्याने पलंगाखाली पाहिलं. न्हाणीत जाऊन दात घासायचे ब्रश पाहिले. एकच होता. कपाटातल्या उशा मोजल्या.

"एकट्याच राहता ना, आजी?"

रंगभूमीवर मी कधी वाक्य विसरले नव्हते. त्याने पेन वर धरून पुन्हा विचारलं.

"एकटीच," मी म्हटलं.

त्याने कागदावर खूण केली, माझी सही घेतली आणि दार लोटून पुढच्या घरी गेला.