मंगळवेढ्याहून आणलेलं विरजण

फोन सोलापूरच्या मिठाईवाल्याचा होता. "ताई, तुमच्या मावशींचा चक्का तिसऱ्यांदा परत पाठवलाय. पाडवा तोंडावर हाय. रविवारी चांगला आला न्हाय तर मी दुसरीकडनं घेतो, मग मला बोल लावू नका."

मी पुण्यात विरजणाची पाकिटं बनवणाऱ्या कंपनीत जिवाणू सांभाळते. ते पाकीट मावशीच्या गळ्यात मीच मारलं होतं. शुक्रवारी रजा टाकली आणि पहाटेची सोलापूर एसटी धरली.

मावशीच्या गावी, मोडनिंबला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: गाडी गावात शिरते की बाहेरून जाते, हे चढण्याआधीच विचारा. मी विचारलं नाही. वाहकानं मला हमरस्त्यावर उतरवलं, तिथून डोक्यावर ऊन घेत बॅग ओढत गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा.

मालनमावशीची डेअरी म्हणजे पत्र्याची शेड आणि गावातल्या आठ बायका. सगळ्यांच्या म्हशींचं दूध इथे येतं, त्याचा चक्का सोलापूरला जातो. मी पोचले तेव्हा कालचं दूध भांड्यात तसंच पातळ पडलं होतं. वर मिरच्यांचे देठ तरंगत होते. विरजण नसलं की घरोघरी करतात तो उपाय करून झाला होता.

"बायका म्हंतात, मालनबाईचा हात बिघडला," मावशी म्हणाली. "खरं असंल. चाळीस वरसं ह्या हाताचं दही आसं कधी फसलं न्हवतं."

मी म्हटलं, "हात नाही गं, विषाणू. दह्याचे जिवाणू मारणारे. त्यांना फाज म्हणतात. चूक माझी आहे."

"तू शिकलेली. तुझं कसं चुकंल?"

कसं चुकलं ते ऐका. मावशीच्या जुन्या विरजणात नाना जातींचे जिवाणू होते. फाज काहींना मारायचे, मग बचावलेले वाढायचे. त्यांना मारू शकेल असा फाज काही दिवसांनी निपजायचा, तोवर त्यांच्यातलेही काही बदललेले असायचे. ही चढाओढ वर्षानुवर्षं चालली होती आणि दही लागत होतं. कधी पातळ झालंच तर मावशी म्हणायची, "विरजण रुसलं," आणि शेजारणीकडून वाटीभर आणून मिसळायची. म्हणजे फाज ओळखत नाही असा नवा जिवाणू घरात आणायची. मोठ्या डेअऱ्यांत हेच काम आम्ही पगार घेऊन करतो.

या 'रुसलं'ला मी हसले होते. त्याच विरजणातला सगळ्यात गुणी एक जिवाणू आम्ही निवडला, शुद्ध वाढवला, पाकिटात भरला. मावशीकडचं जुनं मी ओतून टाकायला लावलं. शेडच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे: 'बाहेरचं विरजण आणू नये.' आता भांड्यात एकच जात. तिला मारणारा फाज निपजला आणि सगळं दूध पातळच राहिलं. शेजारणींकडेही आता आमचंच पाकीट आहे.

जुनं विरजण फक्त मावशीच्या नणंदेकडे, हौसाअक्कांकडे उरलं होतं. तीन वर्षांपूर्वी, पाकीट येण्याआधी, त्या ते मंगळवेढ्याला घेऊन गेल्या होत्या. दुपारी पंढरपूरला गाडी बदलून निघाले. मंगळवेढ्याची काळी रानं ज्वारी काढून मोकळी झाली होती. एरवी मी खिडकीतून फोटो काढले असते.

पोचेस्तोवर दिवे लागले. अक्कांनी भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. काय दही! चमचा उभा राहत होता. पण विरजण मागितलं तशी त्यांनी मान हलवली.

"दिवं लागल्यावर विरजण देत न्हाईत. सकाळी ने की."

"अक्का, मला रविवारच्या आत..."

"आगं, मालनच्याच घरचं हाय ते. तिचं वाईट करू व्हय मी?"

प्रयोगशाळेत मी मोठमोठ्या साहेबांना गप्प केलंय. इथे मुकाट्यानं अंथरूण घातलं.

शनिवारी सकाळी अक्कांनी विरजणाचा एक डबा आणि वर एक डबी भरून दिली. दुपारी मोडनिंब. भांडी, फडकी, फरशी, सगळं क्लोरीनच्या पाण्यानं घासलं. एवढं दूध लावायला दुसरी जागा नव्हती. तापवून कोमट केलेल्या दुधात मावशीनंच विरजण घातलं. डबी मात्र मी न उघडता बॅगेत ठेवली.

रविवारी सकाळी मावशीनं झाकण काढलं. दूध. नुसतं दूध.

माझ्या लक्षात आलं, पण फार उशिरा. अक्कांच्या घरात एक मडकं आणि तीन वर्षांची शांतता. तिथे हे फाज नव्हतेच. त्यांच्यापासून बचाव करू शकणारे जिवाणू वाढायला जरा मंद असतात. शत्रूच नाही म्हटल्यावर ते मागे पडले आणि आमचा तोच गुणी जिवाणू भरभरून वाढला. मी त्याला उचलून थेट मोडनिंबच्या फाजांच्या तोंडी दिलं. या शेडच्या हवेतसुद्धा ते आहेत, धुऊन किती जाणार?

मिठाईवाल्याला फोन मावशीनंच केला. दोन वाक्यांत आटोपलं. मग बायका आपापल्या किटल्या घेऊन निघाल्या. एकीनं जाताना मावशीच्या हाताकडे बघितलं. मला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

रात्री पुण्याला आले. बॅगेतली डबी उघडून पिशवीच्या दुधाला विरजण लावलं. सकाळी दही लागलं होतं, सुरेख. इथे त्याला ओळखणारा फाज नव्हता. या प्रवासातून हाती उरलं ते एवढंच, आणि ते मोडनिंबच्या उपयोगाचं नाही.

तेवढ्यात मावशीचा फोन. "तितं लावून बघितलंस व्हय गं? लागलं का?"

खरं सांगितलं असतं तर पुढचं मला माहीत होतं. फाज, चढाओढ, माझी चूक, यातलं तिनं काहीच ऐकलं नसतं. पुण्यात लागलं आणि तिच्याकडे नाही, एवढंच ऐकलं असतं.

"नाही गं मावशी. इथंही नाही लागलं."



"म्हंजी विरजणातच खोट हुती," ती म्हणाली. "माझ्या हातात न्हाय."